मामांना पोस्टाने: रिटर्न भरण्याचे फायदे

तीर्थस्वरूप मामांना,

सुई उशीला टोचून, दोन्ही हात मोकळे करून भाचीचा नमस्कार.

"चांगला रफू आणि शहाणा माणूस, दोघंही दिसता कामा नयेत." हे वाक्य तुम्ही मला सत्तावीस वर्षांपूर्वी ऐकवलं होतं. मी तेव्हा परीक्षेत दुसऱ्यांदा आपटी खाल्ली होती, आणि आईने मला तुमच्या दुकानात आणून, बंद पडलेलं घड्याळ ठेवावं तसं काउंटरवर ठेवलं होतं. तुम्ही मान वर न करता हे एवढंच बोललात आणि माझ्यापुढे एका पँटचा गुडघा सरकवलात. (पँट पोस्टमनची होती. गुडघा कुत्र्याने फाडला होता. कुत्रं पोस्टमनचं स्वतःचंच होतं, हे त्याने तीन महिन्यांनी कबूल केलं.) त्या वाक्यावर मी सव्वीस वर्षं काढली. सत्ताविसाव्या वर्षी मी इन्कमटॅक्सचं रिटर्न भरलं, आणि त्या दिवसापासून, म्हणजे चार महिने आणि सहा दिवस, तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत.

तुमची तब्येत कशी आहे असं विचारायची पद्धत आहे, म्हणून विचारते. पण आज सकाळी तुम्ही दोनदा शिंकलात, साडेअकराला डावा खांदा चोळलात आणि दुपारी डब्यातली भाजी अर्धी ठेवलीत, हे मला माहीतच आहे, कारण मी त्याच दुकानात तुमच्या मागे चार हातांवर बसले होते. हे पत्र तुम्हाला पोस्टाने का येतंय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचं कारण असं, की मी तोंडाने काही बोलायला लागले की तुम्ही इस्त्री ओल्या फडक्यावर टेकवता, आणि ती जो फुस्स आवाज करते त्यात माझं वाक्य वाफ होऊन जातं. चिठ्ठी लिहून तुमच्या काउंटरवर ठेवली, तर तिच्यावर तुम्ही चहाचा पेला ठेवता. पण तिकीट लावून आलेलं पत्र तुम्ही आजवर न वाचता टाकलेलं नाही. चष्म्यांच्या दुकानाची जाहिरातसुद्धा तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आणि घडी घालून ठेवता. तेव्हा तिकिटाचा खर्च मी आनंदाने केला आहे. (तो धंद्याच्या खर्चात दाखवता येईल का, हे विचारून घेणार आहे. हसू नका. असे खर्च दाखवता येतात, हाही एक फायदाच.)

तसे आपण अगदीच अबोल नाही म्हणा. गिऱ्हाइकांची तेवढी कृपा आहे. परवा तो लांब कोटवाला आला होता, त्याला तुम्ही म्हणालात, "त्यांना सांगा, काळा धागा संपत आलाय." तो बिचारा माझ्याकडे वळून म्हणाला, "काळा धागा संपत आलाय म्हणतात." मी म्हटलं, "त्यांना सांगा, दुसऱ्या खणात डाव्या डबीत आहे, आणि तो काळा नाही, गडद निळा आहे." त्यावर तुम्ही त्याला म्हणालात, "त्यांना सांगा, मला काळा आणि निळा कळतो." कोट टाकायला आलेला माणूस वीस मिनिटं मध्ये उभा राहिला आणि जाताना मला हळूच विचारून गेला, "घटस्फोट का?" मी म्हटलं, "नाही, रिटर्न." तो आणखीच हळहळला.

आता मुद्द्यावर येते. (मामी म्हणते, तुझा मुद्दा म्हणजे कोटाच्या आतला खिसा, कुठून हात घालायचा तेच कळत नाही.) मुद्दा सगळ्यांना माहीत आहे: महिनाअखेर आपली दुकानांची ओळ पाडणार आहेत. समोर नवीन बाजाराची इमारत तयार आहे. तिथे गाळा हवा असेल तर अर्जासोबत गेल्या वर्षीचं रिटर्न जोडावं लागतं. भाड्याची पावती चालत नाही, वीजबिल चालत नाही, पन्नास वर्षं याच जागी बसून उजव्या कोपराने काउंटरला पाडलेला खळगा तर त्यांच्या यादीतच नाही. चावीवाल्याने रिटर्न दाखवलं, त्याला गाळा मिळाला. फुलवालीने दाखवलं, तिला कोपऱ्यावरचा मिळाला. तुम्ही मात्र जाहीर केलंत, की "मी आता घरी बसतो." हे तुम्ही मला नाही, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांगितलंत, पण अशा आवाजात, की मला ऐकू यावं.

मामा, तुम्ही घरी बसणं ही गोष्ट तुम्हाला वाटते तेवढी साधी नाही. मामीचा त्याच दिवशी फोन आला. "अगं, हा माणूस पन्नास वर्षांत आजारपण सोडून एक दिवस घरी बसलेला नाही. एकदाच ताप आला म्हणून दोन दिवस बसला, तर माझे सगळे पडदे उजेडात धरून बघितलेन्. म्हणे, वीण विरळ झाली आहे. वीण नाही विरळ झाली, माझा धीर विरळ झालाय. तो घरी बसला तर मी तुझ्या दुकानात येऊन बसेन, सांगून ठेवते." मी म्हटलं, "मामी, माझंही दुकान राहिलं पाहिजे ना." मग मामी म्हणाली, "तो रात्री जेवताना बोटं चोळत बसतो गं. काम नसलं की त्याची बोटं एकमेकांना विचारत असतात, आता काय."

हे सगळं टाळणं किती सोपं आहे, ते सांगायलाच हे पत्र. रिटर्न भरण्याचे फायदे मी स्वतः अनुभवलेले आहेत, ऐकीव एकही नाही, आणि मी ते पूर्ण आत्मविश्वासाने सांगू शकते. सुरुवातीला थोडी फजिती झाली, पण फजिती तर पहिल्या रफूलाही झाली होती. (पोस्टमनची पँट मी त्याच्या आतल्या अस्तराला जोडून टाकली होती. त्याचा पाय गुडघ्यापाशी अडकायचा.)

पहिली फजिती फॉर्मची. तुम्हीच मला शिकवलंत की भोक दिसलं की आधी कडा मोकळ्या करायच्या, मग आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे काढायचे आणि उभे-आडवे विणत जायचं, भोक उरता कामा नये. सत्तावीस वर्षं हे केलेल्या बाईपुढे कोणी आठ पानी फॉर्म ठेवला, ज्यात जिथे तिथे रिकामे चौकोन, तर काय होणार? मी एकही चौकोन रिकामा सोडला नाही. "परदेशातील मालमत्ता" समोर लिहिलं, "नाही, पण एका गिऱ्हाइकाची परदेशी शाल दीड वर्ष पडून आहे." शेवटच्या पानावर एक जाड चौकट होती, "फक्त कार्यालयीन उपयोगासाठी". तीही मी भरली. "शेरा" असं होतं तिथे लिहिलं, "काम समाधानकारक." "तपासणाऱ्याची सही" होती तिथे सही केली. घरी तुमचे भाचेजावई फॉर्म बघून म्हणाले, "छान. तू भरलंस, तूच तपासलंस, तूच पास झालीस. परीक्षेत हीच सोय असती तर तू डॉक्टर झाली असतीस."

दुसरी फजिती मात्र आपल्या घराण्याशिवाय कोणाची झाली नसती. तुम्हाला माहीत आहे, त्या मोठ्या हॉटेलचे पडदे आणि गणवेश मी सहा वर्षं दुरुस्त करते. ते दर वेळी पैसे देताना दहावा हिस्सा कर म्हणून कापून घेतात आणि वर्षाला एक प्रमाणपत्र देतात. मी ती प्रमाणपत्रं बटणांच्या डब्यात तळाला अंथरत होते. (कागद चांगला जाड होता.) रिटर्न भरायचं म्हटल्यावर ती काढली, तर गेल्या वर्षीच्या कागदाला कसर लागलेली, आणि तीही नेमकी कापलेल्या कराच्या आकड्यात. आठाचं वरचं पोट गेलेलं. दुसऱ्या कोणी हॉटेलात फोन करून नवीन प्रत मागितली असती. मी भिंग लावलं. त्याच कागदाच्या कडेचे तंतू ओले करून सोडवले, भोकावर उभे-आडवे बसवले, गुळगुळीत चमच्याने घासले, वरून कोमट इस्त्री फिरवली, आणि सुईच्या टोकाने शाई भरून आठ पुरा केला. मामा, खरं सांगते, काम सुरेख झालं होतं. तुम्ही बोलत असतात तर तुम्हाला दाखवलं असतं.

आठ दिवसांनी करकचेरीतून बोलावणं आलं. लांबच लांब खोली, दोन्ही भिंतींना फायलींची कपाटं, खिडकीशी एक बाई, केस आखूड, टेबलावर पाण्याची बाटली आणि एक भिंग. भिंग बघूनच मला जरा आपल्यातल्या वाटल्या. त्यांनी माझं प्रमाणपत्र उजेडात धरलं.

"हे काय आहे?"

"प्रमाणपत्र."

"ते मला वाचता येतं. या आठाच्या पोटात काय आहे?"

मामा, मी घाबरायला हवं होतं. कोणीही घाबरलं असतं. पण माझ्या तोंडून काय निघालं असेल? "अय्या, दिसलं?" सरकारी कागदाशी खेळल्याची लाज मला नंतर वाटली, आधी वाटली ती जोड दिसल्याची. पुढे मी म्हटलं, "माझ्या मामांनी केलं असतं ना, तर तुम्हाला नसतं दिसलं." बाईंनी भिंग खाली ठेवलं. "मामा काय करतात?" म्हटलं, "हेच." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवून विचारलं, "फक्त कपड्यांवर ना?"

त्यांनी तिथूनच हॉटेलात फोन केला, नवीन प्रत मागवली. आकडा आठच होता. मग त्यांनी मला कोरा फॉर्म दिला, शेजारी खुर्ची दिली आणि जाड चौकटीवर आधीच पेन्सिलीने फुली मारली. "इथे हात लावायचा नाही. भोक नाही हे, खिडकी आहे, आमची." तासाभरात फॉर्म पुरा झाला. त्या तासात मला जे कळलं, ते तुम्हाला सांगते, आणि हे फायदे आहेत बरं का, लक्ष असू द्या.

एक तर, कापलेला कर परत मिळतो. माझी वर्षाची कमाई कराच्या मर्यादेखाली आहे, त्यामुळे हॉटेलने कापलेलं सगळं माझंच होतं. सहा वर्षं मी ते न मागितल्यामुळे ते तसंच पडून होतं; सरकार घरी येऊन देत नाही, आणि न मागणाऱ्याला तर कोणीच देत नाही. गेल्या वर्षीचं आणि त्याच्या आदल्या वर्षीचं मिळालं. आधीच्या चार वर्षांची मुदत गेली. त्या चार वर्षांसाठी मी दोन दिवस हळहळले, मग म्हटलं, शहाणपणाची फी. तुमच्या डाव्या हाताला दीड महिन्यापासून जो पांढऱ्या उजेडाचा दिवा आहे, ज्याच्याबद्दल तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता की "कोणी तरी ठेवलाय, बरा आहे", तो त्या पैशांचा आहे. म्हणजे मामा, ज्यांच्यापासून तुम्ही पन्नास वर्षं लपलात, त्यांच्याच उजेडात तुम्ही सध्या काळ्यावर काळा विणताय.

मग बँक. तिथल्या साहेबांनी याआधी कर्ज मागायला गेले तेव्हा मला दोनदा उभ्याउभ्याच परत पाठवलं होतं. रिटर्नची प्रत पुढे केल्यावर त्यांनी बसा म्हटलं. काही खास बोलले नाहीत, फक्त बसा म्हटलं, पण ज्या खुर्चीवर दोनदा त्यांचं जाकीट बसलेलं मी पाहिलं होतं, तिच्यावर मी बसले. (जाकिटाचा खिसा उसवला होता. मी काही बोलले नाही. आपणहून काम मागायचं नाही, ही तुमची शिकवण मी पाळते.) आणखी एक गंमत म्हणजे तोटा. एखाद्या वर्षी धंद्यात तोटा झाला, तर वेळेवर रिटर्न भरणाऱ्याला तो पुढच्या वर्षांत नेऊन नफ्यातून वजा करता येतो. मी बाईंना दोनदा विचारलं, "म्हणजे माझा तोटा तुम्ही लिहून ठेवणार?" नातेवाइकांपैकी कोणी आजवर माझा तोटा लिहून ठेवलेला नाही. ते नफाच लक्षात ठेवतात.

पण या सगळ्याहून मोठं काय मिळालं, ते सांगायला मला जरा संकोच वाटतो. समोर असते तर सांगितलंच नसतं, पाठमोरी आहे म्हणून लिहिते. त्या तासात मी आयुष्यात पहिल्यांदा वर्षाची बेरीज केली. इतकी वर्षं पैसे यायचे आणि जायचे, आणि कोणी विचारलं की मी म्हणायचे, "मामांना जरा मदत करते." लग्नात म्हटलं, मुलीच्या शाळेत म्हटलं, दवाखान्यात म्हटलं. बेरीज झाली तेव्हा खाली एक आकडा उभा होता. मोठा नव्हता. पण तो माझा होता, आणि तो "जरा मदत" एवढा नक्कीच नव्हता. माझे डोळे भरून आले. बाईंना वाटलं, कर लागेल म्हणून रडतेय. त्या घाईने म्हणाल्या, "अहो, काही लागत नाही तुम्हाला!" त्यावर मला हसू आलं, आणि मग आम्ही दोघींनी चहा घेतला.

तुमचं ते वाक्य मी चहा पिता पिता पुन्हा उलटून पाहिलं. अर्धं अजून पटतं. रफू दिसता कामा नये. पण रफू करणाराही दिसता कामा नये, हे कोटाला शोभतं, माणसाला नाही.

आता थोडं रागावण्यासारखं. त्या करड्या स्वेटरवाल्या बाई आठवतात? तीन आठवड्यांपूर्वी आल्या होत्या, कोपराला भोक होतं. तुम्ही त्यांच्याशी पाव तास गप्पा मारल्या. लोकरीचा पीळ कसा ओळखायचा ते दाखवलंत. त्या गेल्यावर चावीवाल्याला म्हणालात, "बाई समंजस आहे, ऐकून घेते." मामा, त्याच करकचेरीतल्या बाई. माझी फाइल बंद होईपर्यंत त्यांनी स्वेटर आणला नव्हता, नियमात बसत नाही म्हणून. बंद झाल्यावर आल्या आणि पुरे पैसे देऊन गेल्या. मुद्दाम तुमच्याकडे टाकला, माझ्याकडे नाही. स्वेटर नेल्यावर दुसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाल्या, "भिंग लावून बघितलं. नाही सापडलं." तुम्हाला हे आवडेल म्हणून सांगतेय. तुम्ही त्यांना किती वर्षांचं काम, दिवसाला किती कपडे, महिन्याला किती सुटतात, सगळं आपणहून सांगितलंत, आणि त्यांनी काही लिहून घेतलं नाही. फक्त मला म्हणाल्या, "तुमच्या मामांनाही कर लागणार नाही. ज्याला लागत नाही, त्याने तर निवांत भरावं."

म्हणजे भीती कराची नाहीच. मला वाटायचं, तुम्ही पैशाला भिता. मामीने खरं सांगितलं, आणि मी सांगितलं म्हणून तिला बोलू नका. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुम्ही कसल्याशा नोंदणीला एका कचेरीत गेला होतात, नवा शर्ट घालून. चार तास रांगेत उभे. खिडकीतल्याने विचारलं, व्यवसाय? तुम्ही म्हणालात, रफू. तो म्हणाला, असं काही यादीत नाही, आणि त्याने लिहिलं, "इतर". तुम्ही तो कागद घरी आणून मामीला दाखवलात, म्हणालात, "बघ, मी इतर आहे," आणि नंतर कधी कुठल्या खिडकीपुढे उभे राहिला नाहीत. मामी म्हणाली, तेव्हा तिला हसू आलं होतं, आणि त्याची तिला अजून चुटपुट लागून राहिली आहे.

मामा, मला हे कोणी आधी का सांगितलं नाही? चार महिने मी तुम्हाला मनातल्या मनात हट्टी म्हणत होते. (हट्टी तुम्ही आहातच. पण वेगळ्या कापडाचे.) आता यादी लांबली आहे का, ते मी बाईंना विचारलं. यादी तीच आहे, "इतर सेवा". पण तिच्याखाली आता एक ओळ असते, आपल्या हाताने लिहायची. मी तिथे लिहिलं, रफूगर. बाईंनी ते मोठ्याने वाचलं, पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने मान वर करून विचारलं, "अजून असतात?" आणि बाई म्हणाल्या, "दोन आहेत."

पत्र लांबलं. दुकानात तुम्ही आत्ता कात्री शोधताय. ती तुमच्या मांडीवर आहे. मामीला नमस्कार, तिच्या पडद्यांना आशीर्वाद. माझी काळजी करू नका, माझं सगळं मार्गी लागलेलं आहे, रिटर्न हातात आहे, गाळ्याचं काम झाल्यातच जमा आहे. तुम्ही घरी बसणार असाल तर तो तुमचा निर्णय आहे, मी त्यात पडणार नाही.

तुमची,
पाठीमागची भाची

ता. क. गाळा मी जाऊन पाहून आले. दर्शनी बाजूला मोठी खिडकी आहे आणि तिच्यातून दिवसभर सारखा उजेड येतो, ऊन येत नाही. कापडाचा खरा रंग कळेल असा. नुसती माहिती म्हणून कळवते.

ता. क. २. वर "झाल्यातच जमा" लिहिलंय, ते तितकंसं बरोबर नाही. अर्ज एकट्याच्या नावाने करता येत होता, आणि तसा केला असता तर गाळा मागच्याच महिन्यात माझा झाला असता. खिडकीतल्या माणसाने मला तीनदा विचारलं, "एकच नाव ना?" मी दोन नावं लिहिली. आधी तुमचं, खाली माझं. जोडअर्जाला दोघांचीही रिटर्न लागतात. माझं जोडलंय, तुमच्या जागी शुक्रवारपर्यंतची मुदत लिहून घेतली आहे. शुक्रवारी ते आलं नाही, तर गाळा पुढच्या अर्जदाराला जाईल, म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या मेव्हण्याला, आणि मीही तुमच्यासारखीच घरी बसेन. तुमचे भाचेजावई म्हणाले, "तू वेडी आहेस का?" मी म्हटलं, असेन. पण एकटीचं नाव लिहायला घेतलं आणि हात चालेना. खोटं लिहितेय असं वाटलं.

हे तुमच्यावर दडपण आणायला केलेलं नाही. (केलेलं आहे. पण नंतर लक्षात आलं.)

ता. क. ३. हे पत्र तुम्हाला बुधवारी मिळेल. बाईंनी गुरुवारी अकरा वाजता वेळ दिली आहे. रांग नाही, खिडकी नाही, टेबलापाशी दोन खुर्च्या आहेत. तुम्ही नाही म्हणणार, हे मला हे लिहितानाही दिसतंय. तुमची मान आत्ताच नाही म्हटल्यासारखी हलली, पण ते बहुधा सुईत दोरा जात नाही म्हणून असेल. तरी विचारते. गुरुवारी साडेदहाला दुकान बंद करून माझ्याबरोबर कचेरीत याल का? चालत बारा मिनिटं लागतात. वाटेत माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.